एसीचं पाणी कुठं जातं?

सोलापुरात एसी गळायला लागतात ते जूनमध्ये. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ वर गेलेला असतो, मशीन रोज रात्री चालू असतं, पण भिंत कोरडी ठणठणीत. मृगाचे चार शिंतोडे पडले, जरा गार वाटायला लागलं, की एखाद्या रात्री पलंगाच्या उशाशी टपटप सुरू होते. "अख्खा उन्हाळा काढला की ह्यानं, आता काय धाड भरली?" असं आमच्या जुळे सोलापुरात दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच. मेकॅनिकचा फोन लागत नाही, कारण निम्म्या गावाच्या उशाशी त्याच आठवड्यात पाणी आलेलं असतं.

कारण मशीनपेक्षा हवेत जास्त आहे. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. मे महिन्यातल्या दुपारी, ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना, त्या खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून पाणी असतं पाव लिटरच्या आसपास. जुलैत तापमान २८ वर येतं, आर्द्रता ७५ टक्क्यांवर जाते, आणि त्याच खोलीत जवळजवळ पाऊण लिटर पाणी तरंगत असतं. दिसत नाही, एवढंच. मेच्या त्या हवेतून पाणी सुटायला ती ८-९ अंशांपर्यंत गार व्हावी लागते. जुलैच्या हवेला २३ अंश पुरतात. एसीची आतली कॉइल चालू असताना साधारण ५ ते १० अंशांवर असते. म्हणजे उन्हाळ्यात ती जेमतेम ओलसर होते आणि पावसाळ्यात निथळते. खात्री करायची असेल तर फ्रिजमधला स्टीलचा तांब्या दोन्ही ऋतूंत ओट्यावर ठेवून बघा. मेमध्ये तो जरासा धुरकट होऊन पुन्हा लख्ख होतो. जुलैत पाच मिनिटांत त्याच्या बुडाखाली पाण्याचं गोल वेटोळं तयार.

त्यात आणखी एक खास आपल्याकडची गंमत. सोलापूरचा खरा उन्हाळा कूलरच काढतो. कोरड्या हवेत कूलरसारखं सुख नाही, वाळ्याच्या ताट्या असतील तर विचारूच नका. एसी रात्री दोन-तीन तास, तोही वीजबिलाच्या भीतीनं. पाऊस आला की कूलर निकामी होतो. हवा आधीच ओली, त्यात तो आणखी ओल सोडतो आणि अंग चिकचिकतं. मग तो गच्चीवर जातो आणि घराचा सगळा भार एसीवर येतो. कूलर पाणी पितो, एसी पाणी ओकतो. नेमक्या ज्या महिन्यात हवेत पाणी वाढतं, त्याच महिन्यात आपण ओकणारं मशीन पुढं करतो.

आणि तोवर त्याच्या पोटात उन्हाळाभराची धूळ बसलेली असते.

कॉइलच्या खाली एक अरुंद पन्हाळ असते, ट्रे म्हणतात तिला. कॉइलवरून ओघळलेलं पाणी तिच्यात पडतं आणि एका टोकाच्या भोकातून पाइपनं बाहेर जातं. हे भोक करंगळी जेमतेम जाईल एवढं. मे महिनाभर तिथं धो-धो पाणी येत नाही, नुसती ओल येते. रस्त्याची धूळ त्या ओलीत कालवली जाते, वर शेवाळ धरतं. अशोक चौकाकडं, पूर्व भागात, यंत्रमाग शेजारी असतील तर त्यात टॉवेलचं तूसही आलं. माझी एक मैत्रीण तिकडं राहते. ती एसीची जाळी आठवड्याला धुते, तरी तिच्यावर दर वेळी मऊ पांढरा थर सापडतो, उलगडून ठेवला तर लहान बाळाचं दुपटं होईल असा.

तिच्याकडच्या मेकॅनिकनं ट्रेच्या भोकातून जे काढलं, ते मी जवळून बघितलंय. करड्या रंगाचा, बोटभर लांबीचा, जेलीसारखा लिबलिबीत लगदा. उजेडात धरल्यावर आत तुसाचे धागे आणि एका चिलटाचा पंख स्पष्ट दिसत होता. त्यानं तो वर्तमानपत्रावर ठेवला आणि म्हणाला, "बघा की ओ ताई. मशीनला काय झालेलं नाय. पाण्याला वाट नाय मिळाली, आलं घरात."

हे वाक्य मला पुस्तकी स्पष्टीकरणापेक्षा पटलं. घरात एसी गळतो तेव्हा दहांतल्या आठ वेळा मशीन बिघडलेलं नसतं, ही मेकॅनिक लोकांचीच कबुली आहे. अर्थात ओळख झाल्यावरची. पाणी येणारच. ते यायलाच पाहिजे. पावसाळ्यात एसीच्या बाहेरच्या पाइपातून पाणी पडत नसेल तर काळजी करायची. बाहेर कोरडं आणि आत टपटप, म्हणजे वाट बुजली. बाहेरच्या टोकाला ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर लावून लगदा बाहेर खेचला की काम होतं. तोंडानं किंवा पंपानं फुंकणारे हौशी लोक आहेत, पण बाहेरून फुंकलं की घाण परत ट्रेमध्ये जाते आणि चार दिवसांनी पुन्हा तिथंच येऊन बसते. साधं व्हिनेगर कपभर कोमट पाण्यातून ट्रेमध्ये सोडलं तर शेवाळ लवकर धरत नाही. ॲसिड किंवा ब्लीच मात्र घालू नये. कॉइलच्या अॅल्युमिनियमच्या पात्या त्यानं खाल्ल्या जातात. हात घालण्याआधी एमसीबी खाली, हे सांगायला नको, तरी सांगते.

बाहेरच्या टोकाची एक रहिवासी राहिलीच. कुंभारीण माशी. चिखलाच्या गोळ्या आणून भोकं लिंपणं हा तिचा धर्म, आणि उन्हाळ्यात कोरडा पडलेला पाइप तिला आयती खोली वाटतो. टोकाला जाड छिद्रांची जाळी बांधावी. बारीक जाळी बांधली तर तीच तुंबते.

आता बादलीची गोष्ट. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं आणि नळाला काही दिवसांआड येतं, अशा गावात एसीचं पाणी गटारात सोडणं कुणाच्याच जिवाला रुचत नाही. आमच्या सासूबाईंना तर नाहीच नाही. त्यांनी बाल्कनीत पाइपाखाली बादली ठेवली, आणि थेंब इकडंतिकडं उडू नयेत म्हणून पाइपाचं तोंड नीट बादलीच्या तळापर्यंत नेलं. मे महिन्यात सगळं छान चाललं. पावसाळ्यात बादली भराभर भरायला लागली, पाइपाचं तोंड पाण्यात बुडालं, पाइपात हवा कोंडली आणि पाणी उतरेना. रात्री आत गळायचं, सकाळी बादली रिकामी केली की आपोआप थांबायचं. दुपारी मेकॅनिक यायचा तेव्हा सगळं ठाकठीक. तो बिचारा फिल्टर धुऊन, पैसे घेऊन जायचा. शेवटी सासूबाईंनीच छडा लावला: "बादली भरली की हे रडतंय." पाइप बादलीच्या काठाच्या वर दोरीनं बांधला आणि प्रश्न मिटला. फरशी पुसायला, झाडांना, बाल्कनी धुवायला ते पाणी उत्तम. प्यायला नाही, ते धुळीच्या कॉइलवरून आणि शेवाळलेल्या ट्रेमधून आलेलं असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये, 'डिस्टिल्डच की ते' असं कुणी कितीही सांगो.

दुसरी गळती वेगळ्या जातीची असते आणि तिच्यावरच सगळ्यात जास्त पैसे उकळले जातात. एसी चालू असताना गळत नाही; बंद केल्यावर, पहाटे, एकदम भसकन पाणी येतं. हा बर्फ. जाळी धुळीनं बंद झाली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल शून्याच्या खाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. एसी १८ वर आणि पंखा सगळ्यात हळू ठेवला की आणखी लवकर. बंद केल्यावर तो सगळा बर्फ एकदम वितळतो, एवढं पाणी त्या चिंचोळ्या पन्हाळीला झेपत नाही. अशा वेळी फक्त पंखा चालू ठेवून बर्फ आपोआप उतरू द्यायचा. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडायला गेलं की कॉइलला भोक पडतं, आणि मग खरंच गॅस जातो.

बर्फ गॅस कमी असला तरी धरतो, आणि इथंच मेख आहे. मागं एकानं येऊन पॅनेलही न उघडता निकाल दिला, "गॅस संपलाय, भरावा लागेल." आमचे नेहमीचे मेकॅनिक हे ऐकून हसले. "संपतंय कसं ओ काकू? गॅस काय पेट्रोल हाय व्हय जळायला? बंद नळीत फिरतंय ते. कमी झालं म्हणजे कुठंतरी भोक हाय. भोक शोधायचं सोडून भरत बसलं तर पुढच्या वर्षी परत बोलवायचंच मला." जाळी स्वच्छ आहे, पंखा नीट फिरतोय, तरी गारवा नाही आणि बर्फ धरतोय, तर गॅसचा संशय घ्यावा. तोही आधी जोडांना साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधून घ्यावी. हल्लीच्या मशीनमध्ये बहुतेक आर-३२ गॅस असतो, तो पेटू शकतो. जोडापाशी काडी ओढून दाखवणारा कारागीर आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

भिंतीवर पाइपाच्या रेषेत डाग उतरत असतील तर तांब्याच्या नळीवरचं काळं फोमचं आवरण फाटलंय; गार नळीलाच घाम येतो, ट्रेचा काही संबंध नसतो. वाऱ्याबरोबर थेंब तोंडावर उडत असतील तर कॉइल आणि ब्लोअर मळलेत. एवढं बघून ठेवलं की मेकॅनिकला फोनवर नुसतं 'गळतंय' म्हणण्यापेक्षा बरं काहीतरी सांगता येतं.

माझी धाकटी बहीण शिकागोजवळ राहते. तिच्याकडं हाच प्रश्न निराळ्या वेषात येतो. जुलैत एका सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला, तिच्याकडं रात्र. तळघरात उभी, फोन फरशीकडं धरलेला. "ताई, फर्नेसखाली तळं झालंय. आणि फर्नेस तर एप्रिलपासून पेटलेलीच नाही!" फर्नेस म्हणजे कपाटाएवढं पत्र्याचं खोकं. आत गॅसचे बर्नर आणि एक मोठा पंखा. तापलेली हवा पत्र्याच्या बोगद्यांतून घरभर जाते. उन्हाळ्यात तोच पंखा आणि तेच बोगदे गार हवेसाठी वापरतात. त्यासाठी एसीची कॉइल फर्नेसच्या डोक्यावरच बसवलेली असते. म्हणजे तळं फर्नेसच्या पायाशी दिसलं तरी पाणी वरच्या एसीचं. इथल्यासारखंच. फरक एवढाच, की तळघरातून पाणी आपसूक उतरायला खाली जागाच नसते. म्हणून शेजारी एक लहान पंप ठेवतात. डबा भरला की आतला तरंगा वर येतो, मोटार सुरू होते आणि पाणी नळीनं वर मोरीत फेकते. बहिणीच्या मुलानं त्या पंपाचा प्लग काढून तिथं आपलं काहीतरी चार्जिंगला लावलं होतं.

तिकडं ट्रेमध्ये पाणी चढलं की एसीच बंद करणारा तरंगा-स्विचही मिळतो. तिच्याकडं नव्हता, नंतर बसवला. आपल्याकडच्या साध्या स्प्लिटमध्ये तो सहसा नसतोच. का नसावा, हे मला कळलेलं नाही. भिंतीचा रंग त्याच्यापेक्षा महाग पडतो.

मग जानेवारीत पुन्हा फोन. बाहेर बर्फ, एसीचा प्रश्नच नाही, फर्नेस धडधडून पेटलेली, आणि खाली पुन्हा पाणी. आगीतून पाणी येतं हे तिला पटेना. मी तिला स्वयंपाकघरात पिटाळलं. गॅस पेटवून त्यावर गार पाण्यानं भरलेलं, बाहेरून कोरडं पुसलेलं पातेलं ठेव म्हटलं. बाहेरून लगेच धुरकट होतं ना, ते पाणी ज्योतीतून आलेलं असतं. गॅस जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो आणि वाफ तयार होते. १ किलो मिथेन, म्हणजे तिकडच्या नळीतून येणाऱ्या गॅसमधला मुख्य वायू, जळला की सव्वादोन किलो पाणी. जुन्या फर्नेस ती वाफ गरम धुरासकट चिमणीतून वर फेकतात. नव्या, ९० टक्क्यांच्या वर कार्यक्षमतेच्या फर्नेस धुरातली ऊब इतकी पिळून घेतात की वाफेचं पाणी होतं. ते किंचित आम्ल असतं, म्हणून काही ठिकाणी चुनखडीच्या खड्यांतून गाळून सोडतात. धूर बाहेर नेणारा पाइप पांढऱ्या पीव्हीसीचा असेल तर तुमची फर्नेस या जातीची, आणि थंडीत तिनं पाणी टाकणं रीतीचंच आहे. फक्त नळी तुंबलेली किंवा गोठलेली नको. पण धुराचा पाइप जुन्या पद्धतीचा, पत्र्याचा असेल आणि ऐन थंडीत खाली पाणी दिसलं, तर स्वतः उचकटत बसू नये, लगेच जाणकाराला बोलवावं. धूर घरात परतत असेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म वाजला तर पाणी-बिणी सोडून आधी सगळ्यांनी घराबाहेर पडायचं. हे मी तिला तीन-तीनदा सांगितलं. तिचा पाइप पांढरा निघाला.

तिसरीही एक शक्यता होती, आणि ती ऐकून आमचे शेजारचे काका खूश झाले. तिकडं थंडीत तापवलेली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, लाकडाला भेगा जातात. म्हणून फर्नेसलाच एक यंत्र जोडून हवेत मुद्दाम पाणी सोडतात. त्याची जाळी क्षारांनी बुजली की तेही गळतं. काका पद्मशाली, घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. मिल बंद पडेपर्यंत त्यांनी विणाई खात्यात ओल राखण्याचंच काम केलं. "आमचं पण हेच की! हवा सुकली की सूत तटातट तुटायचं. सत्तर-ऐंशी टक्के ओल लागायची मागाला. बाहेर मे महिना, आत आम्ही नुसते भिजलेले."

काकांना मी सांगितलं, की एसीचं मूळही असल्याच कारखान्यांत आहे. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. तिथली अडचण उकाड्याची नव्हती. दमट हवेनं कागद फुगायचा-आक्रसायचा आणि एकावर एक छापायचे रंग जुळेनात. हवेतलं पाणी काढायचं, हे त्याचं काम. गारवा सोबत आला. आणि १९०६ च्या सुमारास अमेरिकेतल्याच शार्लट गावचा स्टुअर्ट क्रेमर नेमका काकांच्या धंद्यात होता, सूतगिरण्यांच्या हवेत ओल सोडण्याच्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांचं पाणी कुठं जात होतं?"

मला हाच प्रश्न एसी बसवताना विचारलेला आवडेल. आपण दुकानात टन विचारतो, स्टार विचारतो, हप्ता विचारतो. बसवायला माणूस येतो तेव्हा टीव्हीच्या वर मधोमध आला पाहिजे म्हणून हट्ट धरतो. पाणी कुठून जाणार, हे सगळ्यात शेवटी, पाइप तोकडा पडल्यावर निघतं. मग तो पाइप पीओपीच्या छतामागून आडवा नेतात, उतार न देता, मध्ये झोळ ठेवून. झोळात पाणी साचतं, शेवाळ धरतं. बसवणाऱ्यानं आतलं युनिट लावताना पाणसळ लावली की नाही, एवढं जरी उभं राहून बघितलं तरी पुढचा निम्मा त्रास वाचतो. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरतं असावं, आणि शेवटी ते बुजवून घ्यावं. नाहीतर बाहेरची दमट हवा युनिटच्या मागं शिरते आणि तिथंच पाणी धरते.

आमच्या इमारतीत हे सगळं उशिरा झालं. वरच्या मजल्यांचे पाइप भिंतीवरून लोंबायचे, तळमजल्याच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि त्यांच्या मिस्टरांच्या स्कूटरवर टपटपायचे. दोन पावसाळे भांडणात गेल्यावर सगळे पाइप एका उभ्या पाइपात जोडले आणि त्याचं तोंड खालच्या एका पिंपात सोडलं. पिंपाच्या काठाच्या वर, सासूबाईंच्या देखरेखीखाली. कपडे वाळायला लागले, स्कूटर कोरडी राहिली. आता भांडण पिंपातल्या पाण्यावर आहे. वरचे म्हणतात, वीजबिल आम्ही भरतो, पाणी आमचं. वहिनी म्हणतात, पिंप माझ्या दारात आहे, आणि दोन वर्षं तुमचं पाणी मी डोक्यावर झेललंय. येत्या रविवारी मीटिंग आहे. आधी शनिवारची ठरली होती, पण शनिवारी नळाला पाणी येणार, म्हणजे एकही माणूस येणार नाही.